बोलणारी मुले

सातवीत मला मॉनिटर केलं तेव्हा वर्गात माझा नववा नंबर होता. सहामाहीचा निकाल लागला तेव्हा तो एकतिसावा झाला. वडिलांनी प्रगतिपुस्तक उलटसुलट करून पाहिलं, गुणांची बेरीज स्वतः करून पाहिली (ती दुर्दैवाने बरोबर होती) आणि विचारलं, "एवढं झालं तरी काय?" मी खरं ते सांगितलं. "यंदा वर्गात शिस्त होती."

त्यांना तो उर्मटपणा वाटला. त्यापुढचं सांगत नाही.

पण आज इतक्या वर्षांनीही मला त्या उत्तरात फारसं चुकीचं काही दिसत नाही. शिस्तीचा अभ्यासावर काय परिणाम होतो यावर लोक प्रबंध लिहितात. मी तो प्रयोग स्वतःच्या अंगावर करून घेतलेला माणूस आहे.

काम दिसायला सोपं होतं. ऑफ तास असला की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने चौकोन आखायचा, वर 'बोलणारी मुले' असं लिहायचं, खाली रेघ मारायची आणि वर्गाकडे तोंड करून उभं राहायचं. जो बोलेल त्याचं नाव चौकोनात. पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. तीन फुल्यांना पट्टी, पाच फुल्यांना पट्टी उभी धरून. या चौकोनाची एक गंमत आहे. तो रिकामा राहिला तर मॉनिटर झोपला होता असं सर म्हणतात. त्यामुळे एकदा चौकोन आखला की तो भरणं आलंच. खरे बोलणारे बोलायचे थांबले की मग शिंकणारे घ्यावे लागत. एका मुलाचं नाव मी, तो काहीच बोलत नव्हता म्हणूनच, लिहिलं होतं. इतका गप्प माणूस नक्की काहीतरी करत असणार.

चौकोनाला बाजारभावही होता. नाव पुसायला चार बोरं, फुली पुसायला दोन. लिमलेटच्या गोळीत एक नाव आणि एक फुली असं पॅकेज निघायचं. थोडक्यात, वर्गातली सगळ्यात बडबडी चार मुलं, ज्यांच्या घरी बोरीचं झाड होतं, ती वर्षभर कागदोपत्री मौनात होती. मुलींच्या रांगेतलं तर मला कधीच काही सापडलं नाही. त्या ओठ न हलवता बोलायच्या. पुढे बोलणारे बाहुले घेऊन कार्यक्रम करणारे कलाकार पाहिले तेव्हा लोक टाळ्या कशाला वाजवतात ते मला कळेना.

सरांना ही व्यवस्था इतकी पसंत पडली की पुढे ते शिकवत असतानाही मी नजर ठेवायची आणि नावं वहीच्या मागच्या पानावर टिपायची असं ठरलं. वर्गात अडुसष्ट मुलं. म्हणजे अडुसष्ट तोंडं, माझं धरून. पानिपतची तिसरी लढाई चालू होती तेव्हा मी खिडकीजवळच्या रांगेवर होतो. विश्वासराव पडले तेव्हा तिसऱ्या बाकावर कुजबुज झाली, तिची मी नोंद घेतली, पण विश्वासरावांची राहिली. परीक्षेत 'पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा' असा प्रश्न आला. मी मनापासून लिहिलं, 'सैन्यात शिस्त नव्हती.' पाचपैकी अर्धा गुण मिळाला. उत्तर इतकंच होतं हे मान्य, पण पेशव्यांच्या छावणीत एक मॉनिटर असता तर इतिहास वेगळा झाला असता असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं.

शिक्षांचं शास्त्रही त्या काळी प्रगत होतं, आणि प्रत्येक शिक्षेचा शैक्षणिक परिणाम वेगवेगळा व्हायचा. बाकावर उभं केलेल्या मुलाला खिडकीतून सगळं मैदान, त्यापलीकडचा ओढा आणि एसटी स्टँडवर लागलेल्या गाड्या दिसत. भूगोलाला ते बरं. अंगठे धरून उभं राहणाऱ्याला स्वतःच्या दोन पायांच्या मधून उलटा वर्ग दिसायचा. त्याने काय साधायचं ते मला अजून कळलेलं नाही.

शंभर वेळा 'मी वर्गात बोलणार नाही' लिहिण्याची शिक्षा मात्र खरी उद्योगशिक्षण देणारी. पहिल्यांदा मिळते तेव्हा मूल सरळ वाक्यं लिहीत जातं आणि तिसाव्या वाक्याला रडतं. दुसऱ्यांदा मिळते तेव्हा ते आधी वरपासून खालपर्यंत शंभर 'मी' लिहितं. मग शंभर 'वर्गात', मग 'बोलणार', मग 'नाही'. हेन्री फोर्डला मोटारी करताना जे सुचलं ते आमच्या शाळेत प्रत्येक सातवीत नव्याने सुचायचं. दोन पेनं रबरबँडने एकत्र बांधून पन्नास फेऱ्यांत शंभर वाक्यं काढणारा एक होता. एकदा एका मुलाचा शेवटचा रकाना राहून गेला. 'मी वर्गात बोलणार' असं शंभर वेळा लिहून त्याने सही करून दिलं. सरांनी न वाचता तपासलं.

छडीचं तर सगळंच निराळं. छडी सर आणत नसत, ज्याला ती खायची त्यालाच आणायला पाठवत. शाळेच्या कुंपणाला निरगुडी होती. तिथे उभं राहून फांद्या पारखणाऱ्या मुलाकडे पाहिलं असतं तर कोणालाही हा वनस्पतिशास्त्राचा तास चालू आहे असं वाटलं असतं. ओली आणायची की वाळकी? ओली लवते आणि बसते. वाळकी पहिल्याच फटक्याला मोडते, पण ती आणली हे सरांना कळतं, आणि मग ते स्वतः उठून कुंपणाकडे जातात. मधली एक अवस्था असते, वरून हिरवी आणि आतून पोकळ. ती ओळखता येणारा मुलगा विज्ञानात नापास झाला, हा परीक्षापद्धतीचा दोष आहे.

आणि वर्गाबाहेर काढणं. माझ्या मित्राची आठवीतली बरीचशी हजेरी व्हरांड्यात लागली. आमच्या व्हरांड्याची रचना अशी की आठवीबाहेर उभं राहिलं की नववीच्या खिडकीशी पाठ टेकते. हा पठ्ठ्या वर्षभर नववीचं विज्ञान ऐकत उभा होता. पुढच्या वर्षी नववीत गेला तेव्हा त्याला सगळं येत होतं. विज्ञानात पहिला आला. बक्षीस समारंभात त्याने आठवीच्या सरांचे जाहीर आभार मानले, तेव्हा सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

महाराष्ट्रातल्या शिस्तीचा मोठा घोटाळा मात्र शेंगांच्या टरफलांपासून सुरू होतो. शेंगा मी खाल्ल्या नाहीत, टरफलं मी उचलणार नाही, असं बाळ टिळकांनी गुरुजींना ठणकावलं ही गोष्ट आम्हाला पहिलीपासून दहावीपर्यंत दर वर्षी सांगितली गेली. ती सांगून झाली की सर आवंढा गिळून क्षणभर थांबायचे, आणि मग म्हणायचे, "चला, आता सगळ्यांनी वर्गातले कागद उचला." कागद आम्ही टाकलेले नाहीत असं म्हणण्याची सोय नव्हती. लगेच दुसरी गोष्ट यायची. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या न सांगता स्वतः आवरून ठेवत, आणि मुलं लाजून आपली आपण आवरायला लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या तळमळीने सांगितल्या जात. एकजण स्वतःचं नव्हतं म्हणून उचलत नाही, दुसरा स्वतःचं नसूनही उचलतो. मराठी मूल या दोन महापुरुषांच्या मध्ये हातात टरफल घेऊन उभं आहे ते आजतागायत.

टिळकांचा विषय निघाला म्हणून गणिताच्या बाईंबद्दल सांगतो.

बाई दिसायला किरकोळ, आवाज तर त्याहून किरकोळ. पट्टी नाही, छडी नाही, चौकोन नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मॉनिटर, तू बस. तुझी त्रैराशिकं कच्ची आहेत." आणि फळ्याकडे वळून लिहायला लागल्या. अडुसष्ट मुलांकडे पाठ! आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हे म्हणजे पंगतीत वाढपी डोळे मिटून उभा राहिल्यासारखं होतं. तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरच्या एकाने पुढच्याच्या कॉलरमध्ये खडूचा तुकडा सोडायला हात उचलला. बाईंचा खडू थांबला नाही. त्या लिहिता लिहिताच म्हणाल्या, "शेवटचा बाक, खिडकीकडचा, तो खडू इकडे दे, माझा संपत आलाय. छेद काय येईल?" तो उठला, खडू देऊन आला आणि छेद काय येईल ते सांगूनही आला. आपण काय केलं हे त्याला जागेवर बसल्यावर कळलं.

हे वर्षभर चाललं. आम्ही घाबरलो म्हणावं तर भीतीही वाटत नव्हती. फक्त वेळ मिळत नव्हता. एक गणित संपतं न संपतं तो दुसरं. खोडी काढायलाही माणसाला थोडी सवड लागते. दिवाळीनंतर मी याचं रहस्य शोधून काढलं. फळ्याच्या वर लोकमान्यांची तसबीर होती, काच लावलेली, खिळ्यावर जराशी पुढे झुकलेली. बाई जिथे उभ्या राहत तिथून त्या काचेत सगळा वर्ग दिसत असणार! ज्या टिळकांनी स्वतः शिक्षा घ्यायला नकार दिला ते आमच्या चहाड्या करत होते. मी हा शोध दोन लिमलेटच्या गोळ्यांना विकला. त्यानंतर काही दिवस मुलं फळ्याकडे न बघता टिळकांकडे बघत बसायची. आमचं अपूर्णांकांचं प्रकरण त्या वर्षी पक्कं झालं, हे मात्र खरं. वार्षिकला गणितात मला शंभरपैकी ऐंशी होते. इतिहासात अडतीस.

माझ्या या दुःखाचा उलगडा पुढे एका अमेरिकन माणसाने केला. जेकब कौनिन हे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक. ते एकदा मानसिक आरोग्य हा विषय शिकवत असताना मागे एक विद्यार्थी चक्क वर्तमानपत्र पसरून वाचत होता. कौनिन त्याला रागावले. (मानसिक आरोग्याच्या तासाला. चालायचंच.) त्या एकाला रागावल्यावर, ज्यांचा काही संबंध नव्हता तीही मुलं गप्प झाली, खिडकीबाहेरच्या नजरा वहीकडे वळल्या. आपल्याकडच्या सरांनी एवढ्यावर समाधान मानलं असतं. कौनिनना प्रश्न पडला की रागवावं तरी नेमकं कसं, म्हणजे त्याचा परिणाम चांगला होईल. कडक, मऊ, थोडक्यात, सविस्तर? त्यावर त्यांनी कित्येक वर्षं घालवली, वर्गांत कॅमेरे लावून चित्रण केलं, शिक्षकांच्या रागावण्याचे प्रकार पाडले. आणि 1970 साली पुस्तक लिहून जगाला सांगितलं की रागावण्याच्या पद्धतीवर वर्गाचं वागणं अवलंबून नसतं. ज्यांचा वर्ग गोंधळ घालतो आणि ज्यांचा वर्ग कामात असतो, ते दोघेही रागावतात साधारण सारखंच. फरक पडतो तो रागावण्याच्या आधी. चांगल्या शिक्षकाला वर्गात कुठे काय शिजतंय याचा वास आधीच लागलेला असतो आणि तो लागलाय हे मुलांना ठाऊक असतं. तो एका वेळी दोन गोष्टी सांभाळतो. आणि खडूच्या तुकड्यासाठी अपूर्णांक थांबवत नाही.

म्हणजे गणिताच्या बाई! डेट्रॉइटला न जाता, आणि कॅमेऱ्याऐवजी लोकमान्य वापरून.

हिशोब करायचा तर इतिहासाच्या सरांचाच करावा लागेल. पस्तीस मिनिटांचा तास. त्यात "शांत बसा", "हाताची घडी, तोंडावर बोट", "मला हा आवाज नकोय", मग एकाला उभं करून "तुझे वडील भेटू देत" असं धरून सहा मिनिटं सहज जातात. दिवसाचे आठ तास धरले तर अठ्ठेचाळीस मिनिटं. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे किमान 220 दिवस आणि 1000 तास शिकवणं ठरवून दिलं आहे. 220 दिवसांचे अठ्ठेचाळीसप्रमाणे 176 घड्याळी तास होतात. एवढ्या वेळात मूल एखादी परकी भाषा बऱ्यापैकी बोलायला शिकेल. आम्ही 'शांत बसा' हे एकच वाक्य शिकलो, तेही ऐकून ऐकून. (त्रैराशिक बाईंनी पक्कं करून घेतलं होतं म्हणून हा हिशोब तरी जमला.)

पिसा नावाची जी आंतरराष्ट्रीय परीक्षा पंधरा वर्षांच्या मुलांची घेतात, तिच्यात मुलांना हेही विचारतात की तुमच्या शिक्षकांना वर्ग शांत होण्याची बराच वेळ वाट पाहावी लागते का, वर्गात गोंगाट असतो का. आणि बहुतेक देशांत असं दिसतं की जिथे गोंगाट कमी तिथे गुण जास्त, घरची परिस्थिती सारखी धरली तरी. हे वाचून आमचे इतिहासाचे सर आनंदाने टेबलावर डस्टर आपटतील. पण वर्ग शांत होता म्हणून मुलं शिकली, की शिकण्यात गुंतली म्हणून वर्ग शांत झाला, हे डस्टरला कळत नाही.

शांततेबद्दल माझं मत कलुषित होण्याचं कारण म्हणजे तपासणी. साहेब येणार म्हणून सरांनी आम्हाला आठवडाभर तयार केलं होतं. साहेब दारात दिसताच सर पुटपुटले, "हाताची घडी, तोंडावर बोट." अडुसष्ट घड्या, अडुसष्ट बोटं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि आमच्या वर्गातला पंखा करकरतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. साहेबांनी प्रेमाने विचारलं, "बाळांनो, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कुठे झाला?" हे उत्तर गावातल्या गुरांनाही येत होतं. पण गडबडीत बोट काढायला सांगायचं सर विसरले होते, आणि आम्ही तर शिस्तीत होतो. साहेबांनी प्रश्न तीनदा विचारला. सर भुवयांनी काहीतरी सांगत होते, पण भुवयांचं आमचं काही ठरलं नव्हतं. शेवटी साहेबांनी शेरा लिहिला, 'शिस्त वाखाणण्याजोगी. मुले अबोल.' आपला निम्मा शेरा सरांनी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगितला.

भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील, पुढे मुलांचे होऊन गेलेले. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करायला तिथे गेल्या आणि ते बियाणं घेऊन पुढे बोर्डी-कोसबाडपर्यंत आल्या. या गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहाने मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो. सगळी तयारी करून, पुस्तकात वाचलेलं आठवून. आणि मुलं त्या शांततेचा जो काही बोऱ्या वाजवतात! त्याला त्या दिवशी मुलांना सुट्टी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो शांततेचं नावही काढत नाही, गोष्ट सांगायला बसतो, आणि वर्ग गप्प. स्वतःची फजिती पहिल्या काही पानांत लिहून ठेवणारा शिक्षणतज्ज्ञ मला तेव्हापासून फार जवळचा वाटतो.

आता पट्टी गेली, छडी गेली. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना बंदी करणारा शिक्षणहक्क कायदा अंमलात आला तो 1 एप्रिल 2010 रोजी. तारीख पाहून मुलांचा विश्वास बसायला थोडा वेळ लागला असेल. बरं झालं, गेली ते. गणितं तिने सुटत नव्हती आणि वळ मात्र घरी लपवावे लागत, कारण ते दिसले की घरचे विचारत, "आणि काय केलंस म्हणून?" पण छडी गेली म्हणून हात मोकळे झाले असं नाही. माझ्या मुलीच्या वर्गात आता फळ्यावर 'बोलणारी मुले' नसतात, भिंतीवर तक्ता असतो आणि गप्प बसणाऱ्याला चांदणी मिळते. मी तिला विचारलं, चांदणी कोण लावतं? म्हणाली, "मॉनिटर." मी विचारलं, दर काय आहे? तिने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "एका चांदणीला एक सेंटेड रबर." परंपरा टिकून आहे.

गेल्या वर्षी आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला, शाळेच्याच जुन्या वर्गात. बाकं तीच होती, गुडघे मात्र बाकाखाली मावत नव्हते. बँकेतले, शेतीतले, पोलिसातले, एकजण तर स्वतःच मुख्याध्यापक झालेला. इतिहासाचे सर आता नाहीत. गणिताच्या बाई आल्या होत्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. कोणीतरी म्हणालं, "बाई, एक गणित होऊन जाऊ दे." बाईंनी काठी टेबलाला लावली, खडू उचलला, आणि सवयीने आमच्याकडे पाठ करून लिहायला लागल्या. गप्पा हळूहळू कमी झाल्या. तेवढ्यात मला मेसेज आला, म्हणून मी शेवटच्या बाकावर, टेबलाच्या खाली, अगदी मांडीवर मोबाईल धरून बघायला लागलो.

"शेवटचा बाक, दाराकडचा," खडू न थांबवता बाई म्हणाल्या, "घरून आला असेल तर बाहेर जाऊन बोल. नाहीतर छेद काय येईल ते सांग."

मी छेद सांगितला. चुकला. सगळे हसले. निघताना बाईंना नमस्कार करायला वाकलो तेव्हा मी म्हणालो, "बाई, तेव्हाचं एक कळलं होतं मला. तुम्ही टिळकांच्या फोटोच्या काचेत बघायचात ना?" आणि म्हणताना फळ्याच्या वर नजर गेली. भिंतीला नवा रंग लागला होता. खिळासुद्धा नव्हता.

बाईंनी काठी हातात घेतली. "कुठला रे फोटो?" त्या म्हणाल्या.